चौदा : दामूला स्कॉटलंडला पाठवण्याबाबत

उझैर चार वाजता गाडी घेऊन येणार होता. शनिवारचे साडेअकरा झाले तरी आखाती शहरातल्या, करामा वस्तीतल्या त्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मतदान सुरूही झालं नव्हतं. मतदान ही सूनबाईंची, म्हणजे विनिताची कल्पना. ती जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत एचआर बघते, त्यामुळे भांडणालाही अजेंडा असावा असं तिला प्रामाणिकपणे वाटतं.

"मुद्दा एकच आहे," ती म्हणाली. "दामूला सहा महिने ट्रेनिंगला पाठवायचं की नाही. बाकी काही ओपन करायचं नाही."

"बाकी काय आहे ओपन करण्यासारखं?" तिच्या सासूबाईंनी, वासंतीबाईंनी विचारलं.

विनिताच्या नवऱ्याने, सुदेशने, टीपॉयवरचे तिन्ही रिमोट उचलून एकमेकांना समांतर ठेवले.

दामू म्हणजे काळा लॅब्रेडोर, वय आठ महिने, वजन अठ्ठावीस किलो. कागदांवर त्याचं नाव चार शब्दांचं होतं आणि त्यातला एक शब्द 'ड्यूक' होता. पण वासंतीबाईंनी पहिल्या दिवशी त्याचा चेहरा पाहिला आणि त्यांना आपल्या थोरल्या भावाची आठवण झाली. भाऊ सावंतवाडीत हयात आहे. त्याला अजून कळवलेलं नाही.

"माझं मत पाठवायचं," वासंतीबाई म्हणाल्या. "लिहून घे. काल ट्रेमधली सहा अंडी ह्याने एकेक करून उचलली आणि सोफ्याखाली ओळीने मांडली. एकही फुटलं नाही. त्याचाच मला जास्त राग आहे. फोडली असती तर ओरडता तरी आलं असतं."

"आई, तेच तर टॅलेंट आहे," सुदेश म्हणाला. "बंदुकीबरोबर नेतात त्या शिकारी कुत्र्यांना तेच शिकवतात. पाडलेलं पाखरू तोंडात धरून आणायचं आणि त्याला दात लागू द्यायचा नाही. ह्याला ते न शिकवता येतंय. असा हुशार कुत्रा घरात ठेवून वाया घालवायचा?"

"आपल्याकडे पाखरू कोण पाडणार आहे?" विनिता म्हणाली. "बंदूक कोणाकडे आहे? परवा गॅलरीत कबुतर आलं तर तू मला हाक मारलीस."

"मुद्दा तो नाहीये."

"अजेंड्यावर तोच मुद्दा आहे. आठ महिन्यांचं बाळ आहे ते. माझं मत ठेवायचं."

दोन विरुद्ध एक. त्यांची मुलगी मिहिका तेरा वर्षांची, तिच्या मताला किती किंमत द्यायची यावरून आधी थोडं झालं. ती पंख्याखाली लादीवर दामूच्या पोटाला डोकं लावून पडली होती. "नोबडी आस्क्ड हिम," ती म्हणाली.

"तो कुत्रा आहे, मिहिका."

"सो? ही हॅज अ पासपोर्ट."

हे मात्र खरं होतं. विनिताला मे महिन्यात ऑफिसच्या कामासाठी लंडनला जायचं होतं आणि व्हिसाची तारीखच मिळत नव्हती म्हणून तिच्या जागी दुसरी बाई जाऊन आली. दामूची लस, रक्ततपासणी, चिप, दाखला असं सगळं कोणीतरी कुठेतरी मागे लागून पूर्ण केलं होतं. विशेष खुणांच्या रकान्यात लिहिलं होतं, 'नाही.' विनिताने तो कागद दोनदा वाचला होता आणि दोन्ही वेळा तिला कुत्र्याचा हेवा वाटला होता. ही गोष्ट तिने नवऱ्यालासुद्धा सांगितली नाही.

"बाबा, तुमचं मत?"

सासरे मुरलीधरपंत आरामखुर्चीत बसून नखं पाहत होते. "मत कसलं? मी बुधवारीच हो सांगितलंय."

वासंतीबाईंनी पंख्याकडे पाहिलं. या बाईंना खोलीत रागवायला कोणी लायक उरलं नाही की त्या पंख्याकडे पाहतात.

"मग आम्ही हे काय करतोय?" विनिता म्हणाली.

"मला काय माहीत. तूच कागद वाटलेस."

*

मुरलीधरपंतांची अडचण घरात कोणालाच पूर्ण ठाऊक नव्हती, कारण ती छत्तीस वर्षं जुनी होती आणि त्यांनी ती एकट्याने सांभाळली होती.

अठ्ठ्याऐंशी साली ते ट्रेलर चालवणाऱ्या एका कंपनीत टायपिस्ट म्हणून आले. मालक अबू ओबैद. सगळे त्यांना अरबाब म्हणत, म्हणजे धनी. पहिल्याच महिन्यात अरबाबांनी त्यांना मजलिसीत, बैठकीच्या खोलीत, बोलावलं. गालिचावर पंधरा माणसं बसलेली. कोणाच्या आजोबांनी ससाण्याने काय धरलं, कोणाच्या बापाने काय मारलं, अशा गप्पा. फिरत फिरत प्रश्न मुरलीधरपंतांपाशी आला : तुझे वडील काय करायचे? त्यांचे वडील नगरपालिकेत जन्ममृत्यू नोंदणीचे कारकून होते. पण कॉफीचा इवलासा पेला हातात होता, पंधरा माणसं वाट पाहत होती, आणि मुरलीधरपंतांच्या तोंडून गेलं, "शिकारी."

एकदा गेलं ते गेलं. पुढच्या वर्षी कोणीतरी विचारलं, कशाची शिकार? रानडुकराची म्हणायचं नाही एवढं भान त्यांना होतं, म्हणून त्यांनी वाघ सांगितला. पाचव्या वर्षापर्यंत जन्ममृत्यूच्या कारकुनाने अकरा वाघ मारले होते. गेल्या डिसेंबरात अरबाबांच्या शेतावर कुत्री व्याली तेव्हा अरबाब म्हणाले, मुरली, शिकाऱ्याच्या घरी शिकारी कुत्रा नाही हे बरं दिसत नाही. आणि आता अरबाबांचे पाच कुत्रे स्कॉटलंडला शिकायला निघाले होते, तर सहावा मुरलीचा. खर्च माझा.

अरबाबांना नाही म्हणता येत नाही. हे मुरलीधरपंतांना कोणी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच पहिल्या आठवड्यात ओळखलं आणि नंतर कधी तपासून पाहिलं नाही. घरातल्या एका कपाटात अरबाबांनी भेट दिलेल्या नऊ कॉफीदाण्या होत्या.

*

उझैर अडीचलाच आला. रस्ता मोकळा मिळाला म्हणाला. अरबाबांच्या शेतावरचे कुत्रे तोच बघायचा. मूळचा बहावलपूरचा, पन्नाशीचा, शांत माणूस. घरात शिरताना त्याने आधी दामूला सलाम केला, मग मुरलीधरपंतांना.

"अम्माजी, तकलीफ मत कीजिए," तो म्हणाला, आणि वासंतीबाईंनी पुढे केलेलं कोकम सरबत, चकली आणि सकाळचे पोहे असं तिन्ही घेतलं. मग खिशातून मोज्यांची गुंडाळी काढली. "एक मिनट देखूँ ज़रा?"

त्याने दामूला बसवलं. गुंडाळी पॅसेजमधून थेट स्वयंपाकघरात फेकली. दामू बसून राहिला. त्याच्या कातडीखालून काहीतरी सारखं धावत होतं, पण तो बसून राहिला. उझैरने जीभ टाळूला लावून बारीक आवाज केला तसा दामू सुटला. मोजा घेऊन आला तो उझैरला ओलांडून, सुदेशला ओलांडून, वासंतीबाईंच्या हातात ठेवून गेला. मोजा जवळपास कोरडा होता.

"मुँह नरम है, माशाल्ला," उझैर हळू म्हणाला. "साब, बीस साल में दो देखे ऐसे. ये दूसरा है."

"सांगत नव्हतो?" सुदेश म्हणाला.

पण वासंतीबाईंनी मोजा उझैरला परत द्यायला जरा उशीर केला, हे विनिताने पाहिलं. आपलं एकुलतं मत एकटं राहणार नाही अशी तिला पहिल्यांदा आशा वाटली.

मग उझैरने शाळेची यादी काढली. इंग्रजीत होती, पण त्याला पाठ होती.

"दो फोटो. पट्टे पे नाम. अपना कटोरा मत भेजिए, वहाँ सबका एक जैसा है. घर का एक कपड़ा, बिना धोया हुआ, ताकि रात को रोए नहीं. और पहले तीन महीने घरवाले मिलने न आएँ, न वीडियो कॉल. बच्चा सेटल नहीं होता."



"काय म्हणाला तो?" वासंतीबाईंनी विचारलं. त्यांना हिंदी उत्तम येतं.

"तीन महिने भेटायचं नाही," सुदेश म्हणाला. "बरोबर आहे. पहिल्या तीन महिन्यांत कोणी भेटायला आलं की सगळं बिघडतं. आमच्याकडेही तसंच होतं."

"आमच्याकडे?" मिहिकाने डोकं उचललं.

"माझ्या शाळेत. पाचगणीला."

"माझं मत बदल," वासंतीबाई विनिताला म्हणाल्या. "ठेवायचं लिही."

"आई, असं मधेच..."

"कागद तुझा आहे ना? लिही."

*

आता इथे विनिताने खूश व्हायला हवं होतं. पण ती एचआरमध्ये दहा वर्षं होती आणि कोणताही ठराव मंजूर होताच तो अमलात कोण आणणार हा प्रश्न तिला आपोआप पडतो. सासूसासरे दर सप्टेंबर-ऑक्टोबरात सावंतवाडीला जातात. ते दोन महिने ह्या अठ्ठावीस किलोंना कोण सांभाळणार? सुदेश सकाळी सातला निघतो. सोनम, नणंद, फुजैराला आणि तिच्या नवऱ्याला केसांची ॲलर्जी. मिहिका लाड करण्यापुरती प्राणिप्रेमी. विनिताने खोलीत एकदा नजर फिरवली आणि उत्तर तिला आरशात दिसलं.

"मी माझ्या मताचा पुनर्विचार करतेय," ती म्हणाली.

"म्हणजे?" सुदेश.

"म्हणजे ट्रेनिंगही महत्त्वाचं असतं."

"सकाळी बाळ होता ना तो?"

"सकाळी सप्टेंबर माझ्या लक्षात नव्हता."

"विनिता, तू सुद्धा?" वासंतीबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही सकाळी कोणत्या बाजूला होतात?"

मुरलीधरपंत खुर्चीतून म्हणाले, "अगं, तीन महिने म्हणजे काय, असे जातील. सुदेशच्या वेळी नाही का गेले."

ही चूक फक्त मुरलीधरपंतच करू शकत होते. बाकी सगळे सकाळपासून सुदेशच्या त्या दिवसांचा विषय टाळून चालले होते.

"कसे गेले?" वासंतीबाईंनी शांतपणे विचारलं. "सांगा ना. कसे गेले ते?"

"आई, मला काय झालं?" सुदेश म्हणाला. "चांगला शिकलो. पोहायला शिकलो, घोड्यावर बसलो. मला काय झालंय?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांचा माणूस. सुटीच्या दिवशी पावणेसहाला उठतो. हॉटेलातून निघताना चादर स्वतः घडी घालतो. ताटातलं सगळं आठ मिनिटांत संपवतो आणि मग इतरांच्या ताटांकडे न पाहता बसून राहतो. विनिता पंधरा वर्षं त्याच्याबरोबर होती. रात्री तो झोपेत कूस बदलायच्या आधी थांबतो, जणू शेजारच्या खाटेवर कोणी जागं होईल, हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

"काही नाही झालं," ती म्हणाली. "अजेंड्यावर ते नाहीये."

"हाउ ओल्ड वेअर यू, डॅडा?"

"नऊ."

"अँड आत्या?"

"तुझी आत्या ढ होती म्हणून वाचली. मी हुशार होतो. अरबाबांनी माझं प्रगतिपुस्तक पाहिलं आणि म्हणाले, हा मुलगा इथे वाया जाईल. डोंगरावरच्या शाळेत घाला, खर्च माझा." त्याने रिमोट पुन्हा सरळ केले. ते सरळच होते. "सगळं व्यवस्थित होतं. उगीच इश्यू करू नका. उझैरभाई, किती वाजता निघायचं?"

"साब, सवा चार तक निकलें तो अच्छा. पाँच बजे कार्गो में देना है." उझैरने चकलीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. ह्या कामात त्याने बरीच घरं पाहिली होती. कुत्रा नेताना लोक कुत्र्याबद्दल बोलत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.

मतं मोजली तर दोन पाठवायची, मिहिकाचं धरून दोन ठेवायची आणि मुरलीधरपंतांचं एक, जे बुधवारीच दिलं गेलं होतं. विनिताने कागद उलटा करून ठेवला.

सुदेश उठला. पट्टा त्याने स्वतः घेतला. "मी नेतो खाली. आई, एक कपडा दे. न धुतलेला."

*

वासंतीबाई आत गेल्या. न धुतलेला कपडा म्हणजे बास्केटमधला कालचा गाऊन. तो हातात घेऊन त्या पलंगावर बसल्या आणि चिडल्या. कुत्र्याला कपडा द्यायची अक्कल त्या स्कॉटलंडवाल्यांना आहे. सुदेशच्या शाळेच्या तेव्हाच्या यादीत सहा बनियन, सहा मोजे, दोन टॉवेल, सगळ्यावर नाव शिवलेलं आणि सगळं धुतलेलं, इस्त्री केलेलं. चार दिवस बसून त्यांनी नावं शिवली होती. घरचा वास राहणार नाही याची पूर्ण काळजी घेतली होती.

गाऊनची गुंडाळी करून त्या लिफ्टने खाली आल्या तेव्हा मागच्या पार्किंगमध्ये गाडीचं मागचं दार उघडं होतं. आत पाच पिंजऱ्यांत अरबाबांचे पाच कुत्रे गप्प बसले होते. सहावा पिंजरा रिकामा. उन्हात सगळं पांढरं दिसत होतं. मुरलीधरपंत आणि मिहिका गाडीच्या सावलीत उभी, उझैर कागद लावतोय, विनिता फोनवर उगीच काहीतरी बघतेय.

सुदेश तापलेल्या फरशीवर उकिडवा बसला होता. इस्त्रीच्या पँटला सुरकुती पडत होती आणि त्याला ते चालत होतं, इथेच वासंतीबाई थबकल्या. त्याने दामूचं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं.

"सहा महिने," तो मराठीत सांगत होता, अगदी सावकाश, ऑफिसात नव्या माणसाला काम समजावतात तसं. "ऐक. दोन आठवडे नाही. कोणी तुला दोन आठवडे सांगितलं तर ते खोटं आहे. मोजत बसू नकोस. पंधराव्या दिवशी फाटकाकडे जाऊन उभा राहू नकोस, कोणी येणार नाहीये. सहा महिने. मग येशील."

दामूने त्याच्या मनगटावरचं घड्याळ चाटलं.

वासंतीबाईंनी गाऊन गाडीच्या बॉनेटवर ठेवला. "अहो," त्या म्हणाल्या. "फोन लावा."

"कोणाला?"

"तुमच्या धन्याला. सांगा, नाही पाठवत."

"अगं, असं नाही सांगता येत. तुला माहीत नाही त्यांचं. काय कारण सांगू?"

"सांगा, बायको नको म्हणते."

"हे कारण होतं का?"

"फोन लावा."

मुरलीधरपंतांनी फोन लावला. त्यांना कानाला लावून ऐकू येत नाही म्हणून ते नेहमी स्पीकरवर बोलतात, त्यामुळे जे झालं ते सगळ्या पार्किंगने ऐकलं. आधी सलाम. मग तब्येत, मग मुलं, मग पुन्हा तब्येत. मग मुरलीधरपंतांनी डोळे मिटले आणि छत्तीस वर्षांच्या अरबीत सांगितलं की कुत्रा येत नाहीये, घरात बाई नाही म्हणते.

पलीकडे अरबाब हसले. म्हातारं, खोकल्यातलं हसू. "खलास, मुरली, मिटलं," ते म्हणाले. "माझ्याकडेही दोन कुत्र्यांना बाईच सोडत नाही. शुक्रवारी ये, कॉफी प्यायला." आणि फोन बंद झाला.

मिहिकाने आजोबांच्या हातातल्या फोनकडे वाकून पाहिलं. "फॉर्टी-वन सेकंड्स," ती म्हणाली. "दॅट्स इट?"

मुरलीधरपंत अजून फोन तसाच समोर धरून उभे होते. त्यांचा चेहरा एखाद्या बंद दाराला छत्तीस वर्षं टेकून उभं राहिलेल्या आणि ते आतून कधी लावलेलंच नव्हतं असं आत्ता कळलेल्या माणसासारखा झाला होता.

सुदेश उठला. गुडघे झटकले. "बाबा," त्याने विचारलं, "तेव्हा लावला होतात फोन?"

"तेव्हा मोबाइल कुठे होते रे."

"ऑफिसात लँडलाइन होता. मी रविवारी त्याच नंबरवर करायचो."

यावर वासंतीबाईंनी वर पाहिलं. पण तिथे पंखा नव्हता, नुसतं आभाळ होतं आणि त्यात काहीच नव्हतं.

उझैरने घसा साफ केला. "मुरली साब, माफ कीजिए. नहीं भेजना तो कोई बात नहीं. लेकिन ये फॉर्म लौटाना पड़ेगा. यहाँ दस्तख़त, और यहाँ वजह लिखनी है."

मुरलीधरपंतांनी फॉर्म घेतला. गाडीच्या बॉनेटवर, गाऊनच्या शेजारी, तो पसरला. आयुष्यभर त्यांनी अरबाबांची पत्रं इंग्रजीत लिहिली होती, कारणं देणारी, मुदत मागणारी, दिलगिरी व्यक्त करणारी. त्यांच्यासारखं पत्र अख्ख्या देरा वस्तीत कोणाला लिहिता येत नसे. ते कारणाच्या रकान्यावर पेन टेकवून बराच वेळ थांबले. घामाचा एक थेंब फॉर्मवर पडला. मग त्यांनी दोन शब्द लिहिले, सही केली आणि फॉर्म परत दिला.

उझैरने तो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सरळ केला. "साब, ये किस ज़ुबान में लिखा है? दफ़्तर में पूछेंगे."

मुरलीधरपंत गाडीच्या टायरकडे पाहत होते. म्हणून उझैरने फॉर्म सुदेशपुढे केला.

सुदेशने पट्टा आईच्या हातात दिला आणि वाचलं. वडिलांचं मराठी अक्षर त्याने फार वर्षांत पाहिलं नव्हतं. महिन्यातून एकदा हवाई टपालाच्या निळ्या पत्रावर यायचं तेच अक्षर, थोडं थरथरतं झालेलं. विनिताने फोन पर्समध्ये टाकला आणि ती येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

"क्या लिखा है, सुदेश भाई?"

"लिखा है..." सुदेश म्हणाला, आणि थांबला. "लिखा है, छोटा है."

उझैरने दामूकडे पाहिलं. दामूने एवढ्यात पट्टा ताणून वासंतीबाईंना दोन पावलं पुढे ओढून नेलं होतं आणि आता तो गाडीच्या मागच्या चाकावर पाय वर करत होता. उझैरने मग सुदेशकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. त्याने खिशातून पेन काढलं, फॉर्मवर त्या दोन शब्दांखाली उर्दूत तेच लिहिलं आणि गाडीचं मागचं दार लावून घेतलं.